खानदेशातील महिला वकील : परिचयाचे वर्तुळ आणि संघटनेचे कार्य

दिनांक २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातील विचखेडे या गावच्या सरपंच श्रीमती मनीषा रवींद्र पानपाटील यांना त्यांचे पद परत मिळवून दिले. २०२१ साली त्या सरपंच झाल्या होत्या. शासकीय जमिनीवर बांधलेल्या घरात त्या सासूबरोबर राहतात, अशी तक्रार गावातील काही जणांनी केली. आपण पती व मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरविले, विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला आणि उच्च न्यायालयात त्यांची याचिका तांत्रिक मुद्द्यावर फेटाळली गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व आदेश रद्द केले. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातील महिला प्रतिनिधीला, पदावरून दूर करण्याची बाब इतक्या सहजतेने हाताळावयाची नसते, अशी स्पष्ट जाणीव न्यायमूर्तींनी या निकालात शासकीय यंत्रणेला करून दिली. गावाला महिला सरपंचाचे आदेश ऐकणे पचनी पडले नाही, हे या प्रकरणाचे मूळ आहे, असेही न्यायालयास दिसून आले.

पंचायत सदस्यांना आणि महसूल अधिकाऱ्यांना या निकालाचा कायदेशीर भाग परिचित असेलच. येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या दुसऱ्या बाजूचा. जळगावचे जिल्हाधिकारी कार्यालय, नाशिकचे विभागीय आयुक्तालय, छत्रपती संभाजीनगरचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय अशी ही चार ठाण्यांची वाट आहे. प्रत्येक ठाण्यावर वेगळा कायदा-व्यवहार, वेगळी मुदत आणि वेगळा वकील लागतो. जिल्हाधिकाऱ्यांपुढे पहिले उत्तर दाखल करतानाच भाडेपावती, शेजाऱ्यांची शपथपत्रे, घराच्या उताऱ्याची नक्कल हे सारे जोडले गेले नाही, तर पुढच्या तिन्ही ठिकाणी ती उणीव पाठ सोडत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ हे सरपंच महिलेच्या डोक्यावर कायम टांगलेले असते, आणि कलम ३५ खालील अविश्वासाच्या ठरावाची भीती तर असतेच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे खानदेशच्या प्रत्येक गावात कायद्याच्या सल्ल्याची गरज असणारी निवडून आलेली महिला आज आहे. तिच्या हाकेच्या अंतरावर तिला विश्वास वाटेल असा वकील आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

खानदेशाला वकिलीची परंपरा नाही, असे कोणी म्हणणार नाही. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव व धुळे ही दोन मुख्यालये झाली, तेव्हापासून या दोन्ही शहरांत वकीलवर्ग हा सार्वजनिक जीवनाचा कणा राहिला. १९३७ मध्ये एका दाव्याच्या कामासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्यास आले असता लळिंगच्या बंगल्यात उतरले होते, ही आठवण धुळेकर आजही दरवर्षी जागवितात. अलीकडच्या काळात सरकारी वकील म्हणून देशभर गाजलेले श्री. उज्ज्वल निकम यांची सुरुवात जळगावच्या न्यायालयातच झाली. या परंपरेत महिलांचे स्थान मात्र उशिरा निर्माण झाले, आणि त्याचे कारण केवळ खानदेशातले नव्हते.

महिलांना वकिली करण्याचा हक्कच या देशात १९२३ पर्यंत निर्विवाद नव्हता. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली. परंतु न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याची परवानगी मिळण्यास १९२१ साल उजाडावे लागले, आणि तीही अलाहाबादेस मिळाली. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा अर्ज आणि १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज नाकारला होता. कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रीचा समावेश होतो किंवा नाही, यावर विद्वानांनी तेव्हा पाने खर्ची घातली! १९२३ च्या अधिनियमाने हा वाद मिटविला. त्यानंतर लवकरच मिठन टाटा, म्हणजे पुढील काळातील मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या महिला बॅरिस्टर म्हणून दाखल झाल्या. त्याच न्यायालयात पहिल्या महिला न्यायमूर्ती म्हणून श्रीमती सुजाता मनोहर १९७८ मध्ये आल्या, आणि १९९४ मध्ये त्या तेथील मुख्य न्यायमूर्ती झाल्या. पहिल्या बॅरिस्टरपासून पहिल्या न्यायमूर्तीपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जळगावच्या बाबतीत एक नाव प्रत्येकाच्या ओठावर येते. श्रीमती प्रतिभा पाटील यांचा जन्म १९३४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे झाला. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून एम. ए. आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी जळगाव जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली. १९६२ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या. पुढे १९८५ पर्यंत एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर, मतदारसंघाचे त्यांनी प्रतिनिधित्व केले आणि २००७ मध्ये त्या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. या कारकिर्दीचा गौरव अनेकदा झाला आहे. तथापि एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. वकिली करीत असतानाच गरीब स्त्रियांच्या कामात त्या पडल्या होत्या, आणि त्या कामातून माणसे जोडली गेली. न्यायालयाच्या आवाराबाहेरचा हा लोकसंपर्क त्यांच्याजवळ होता. सामान्य घरातून आलेल्या, पाठीशी ना वडिलांची वकिली ना राजकीय घराणे, अशा तरुण महिला वकिलाला तो कोठून मिळावा?

वकिलीच्या व्यवसायाचे स्वरूप या ठिकाणी समजून घेतले पाहिजे. दुकानदाराला पाटी मोठी करता येते, डॉक्टरला दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका छापता येते. वकिलाला जाहिरात करण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता अशी ठरावीक माहिती देता येते, एवढीच सवलत. हा नियम योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, पक्षकार वकिलाकडे येतो तो ओळखीने. ओळख होते बाजार समितीच्या ओट्यावर, विकास सोसायटीच्या निवडणुकीत, लग्नाच्या पंगतीत, एस. टी. स्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गावकीच्या बैठकीत. यांपैकी किती ठिकाणी पंचविशीतली महिला वकील मोकळेपणाने बसू शकते? ज्येष्ठ वकील आपल्या कार्यालयात कनिष्ठ घेतात तेही ओळखीनेच. ‘मुलगी आहे, लग्न होऊन जाईल, शिकवून काय उपयोग’ हे वाक्य जळगाव-धुळ्यातच ऐकू येते असे नाही. परंतु येथेही ते ऐकू येते. कायद्याने दार १९२३ मध्ये उघडले. दारातून आत आल्यावर बसावयास जागा देणारे हे अलिखित वर्तुळ मात्र अजून अर्धे बंद आहे. महिला वकिलांच्या संघटना, त्यांचे मेळावे, परिचय-कार्यक्रम यांना म्हणूनच चैन समजू नये. ज्याला जाहिरात वर्ज्य आहे, त्या व्यवसायात परिचय हेच भांडवल असते.

हे वर्तुळ किती अरुंद आहे, याची कल्पना सरन्यायाधीश न्या. एन. व्ही. रमणा यांनी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांवरून येते. देशातील सुमारे सतरा लाख वकिलांत महिलांचे प्रमाण केवळ पंधरा टक्के, आणि राज्य विधिज्ञ परिषदांतील निवडून आलेल्या सदस्यांत अवघे दोन टक्के. सुमारे सहा हजार न्यायालयांपैकी जवळजवळ बावीस टक्के ठिकाणी महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही, हेही त्यांनीच सांगितले. हा शेवटचा आकडा काहींना किरकोळ वाटेल. सकाळी दहाला न्यायालयात येऊन सायंकाळी साडेपाचला परतणाऱ्या स्त्रीला, आणि तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन पोटगीच्या तारखेला आलेल्या पक्षकार महिलेला तो किरकोळ वाटत नाही. २ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या वकील संघाच्या कार्यकारिणीत एक-तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवण्याचा आदेश दिला, त्यामागे हीच वस्तुस्थिती होती. जिल्हा व तालुका वकील संघांत महिला पदाधिकारी आल्या की पहिला ठराव स्वच्छतागृहाचा आणि दुसरा हिरकणी कक्षाचा होईल, असे भाकीत करण्यास ज्योतिषी लागत नाही.

अन्य देशांत अशा संघटना फार पूर्वी उभ्या राहिल्या. न्यूयॉर्क येथे १८९९ मध्ये महिला वकिलांचे मंडळ स्थापन झाले. पुढे तेच राष्ट्रव्यापी झाले. १९४४ मध्ये मेक्सिको येथे महिला वकिलांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. खानदेशाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे ते आफ्रिकेतील उदाहरण. १९८५ मध्ये नैरोबी येथे जागतिक महिला परिषद भरली, आणि त्याच वर्षी केनियातील महिला वकिलांनी या महासंघाची आपली शाखा उभारली. परिषदेच्या निमित्ताने एकत्र आलेल्या वकील महिला नंतर पांगल्या नाहीत. गरीब स्त्रियांसाठी त्यांनी विनामूल्य सल्लाकेंद्रे चालविली, आणि जमीन, वारसा, पोटगी हे त्यांचे मुख्य विषय राहिले. शेतीप्रधान समाजात स्त्रीचा प्रश्न शेवटी जमिनीपाशी येऊन ठेपतो, हे त्यांनी लवकर ओळखले. आपल्याकडे मुंबईत श्रीमती फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी १९९० च्या सुमारास सुरू केलेल्या ‘मजलिस’ या संस्थेने महिला वकिलांचा गट करून स्त्रियांचे खटले चालविण्याचा पायंडा पाडला.

आता मेळाव्यांविषयी. आठ मार्च जवळ आला की सभागृह ठरते, फलक लागतात, शाल-श्रीफळ होते, एखाद्या वरिष्ठ न्यायाधीश महिलेचे भाषण होते, छायाचित्र निघते आणि नऊ मार्चला सर्व जणी आपापल्या तालुक्यात एकट्या होतात. सत्कार वाईट नाही. परंतु त्यातून पारोळ्याच्या कनिष्ठ महिला वकिलाला अपात्रतेच्या प्रकरणात उत्तर कसे दाखल करावे हे कळत नाही. उपयोगी पडते ती महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तीन तास चालणारी अभ्यासबैठक. तीत एकीने आपले चालू प्रकरण, पक्षकाराचे नाव गुप्त ठेवून, मांडावे आणि ज्येष्ठ महिलांनी ते तपासावे. तिन्ही जिल्ह्यांतील महिला वकिलांची एक परिचयपुस्तिका असावी. तीत महसूल, सहकार, फौजदारी, कौटुंबिक, ग्राहक, कामगार असे विषय लिहिलेले असावेत. जळगावच्या वकील महिलेला नाशिकच्या आयुक्तालयापुढील कामासाठी आणि खंडपीठातील कामासाठी विश्वासाने कागद सोपविता येतील अशा दोन-तीन जणी माहीत असाव्यात. जळगावहून खंडपीठ अजिंठ्याच्या घाटाने सुमारे एकशे साठ किलोमीटर आहे. ओळख नसेल तर ते दिल्लीइतकेच लांब वाटते. आता दूरदृश्य प्रणालीने सुनावणी व ऑनलाइन दाखल करण्याची सोय झाल्याने अंतर काहीसे कमी झाले आहे, परंतु यंत्र ओळख करून देत नाही.

जळगावचे मणियार विधी महाविद्यालय व धुळ्यातील विधी महाविद्यालय यांमधून मुली शिकून बाहेर पडतात. त्यांतील कित्येक जणी सनद घेतात आणि दोन-तीन वर्षांत व्यवसाय सोडतात. या गळतीचे एक कारण आर्थिक आहे. सुरुवातीच्या काळात कनिष्ठ वकिलाला मिळते ते प्रवासखर्चालाही पुरत नाही. दुसरे कारण मातृत्वाचे. प्रसूती लाभाचा कायदा नोकरदार स्त्रीसाठी आहे. स्वतंत्र वकिली करणाऱ्या महिलेला तो लागू नाही. सहा महिने न्यायालयात न आलेल्या वकिलाचे पक्षकार दुसरीकडे जातात, आणि परत येणाऱ्या महिलेला पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. संघटनेने या काळात तिची प्रकरणे सांभाळण्याची आणि ती परतल्यावर तशीच तिच्या हाती देण्याची प्रथा पाडली, तर त्या एका कृतीचे मोल दहा परिसंवादांहून अधिक ठरेल. अर्थात यासाठी परस्परविश्वास लागतो, आणि तो वर्षातून एका भेटीने निर्माण होत नाही.

खानदेशातील महिला वकिलांपुढे जे काम आहे, त्यात जमिनीचा वाटा मोठा आहे. रावेर-यावलची केळीची बागायत, तापीकाठची काळी जमीन, जळगाव-धुळे शहरांलगत बिनशेती झालेले क्षेत्र यांचे मोल वाढले, तसा मुलीच्या वाट्याचा प्रश्न तीव्र झाला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क सर्व मुलींना दिला, आणि वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणातील निकालात स्पष्ट केले. कायदा इतका स्पष्ट झाल्यावर तंटे संपावयास हवे होते. प्रत्यक्षात हक्कसोड पत्राने त्याची जागा घेतली. वडिलांचे दिवस-कार्य आटोपले की बहिणींना माहेरी थांबवून घेतले जाते, साडी-चोळी होते, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घेतली जाते. सही करणारी बहीण अनेकदा राजीखुशीने करते, हेही खरे. माहेरचा उंबरा तिला जमिनीपेक्षा मोलाचा वाटतो. परंतु राजीखुशीला माहिती लागते. किती क्षेत्र, कोणता गट, बाजारभाव काय, सही केल्यावर काय उरते, हे तिला सहीच्या आधी कोणी सांगितले का? भावाने आणलेला वकील ते सांगेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ग्रामसभेपूर्वी घ्यावयाच्या महिलांच्या सभेत संघटनेच्या एखाद्या सदस्येने अर्धा तास सातबारा, फेरफार आणि हक्कसोड या तीनच शब्दांवर बोलावे, आणि ग्रामसेवकांनी तशी वेळ राखून ठेवावी. यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही.

याच ठिकाणी एक धोक्याचा इशारा देणे आवश्यक वाटते. महिला वकील म्हणजे घटस्फोट व पोटगी, अशी एक समजूत न्यायालयाच्या आवारात रूढ आहे. संघटनेचे सर्व कार्यक्रम कौटुंबिक हिंसाचार आणि हुंड्याभोवतीच फिरू लागले, तर संघटना स्वतःच ही समजूत पक्की करील. भूसंपादनाचा मोबदला, सहकारी संस्थांचे वाद, केळीच्या पीकविम्याचे दावे, नंदुरबार जिल्ह्यातील उकाई व सरदार सरोवराच्या विस्थापितांचे पुनर्वसन, वनहक्काचे दावे ही कामे आजही बहुतांशी पुरुष वकिलांकडे जातात. फीही तेथेच आहे. महसूल न्यायाधिकरणापुढे उभ्या राहणाऱ्या महिला वाढल्याखेरीज व्यवसायात त्यांचे पाय रोवले जाणार नाहीत.

भाषेचाही विचार व्हावा. खानदेशात अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, सातपुड्यात भिली व पावरी आहेत. अहिराणीत मुलीला ‘आंडेर’ म्हणतात. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असलेली आई ‘मन्ही आंडेर’ म्हणाली, तर बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या लेखनिकाच्या हातून काय लिहिले जाईल, याचा भरवसा नाही. साक्षीदार स्त्रीची बोली समजणारी, तिच्या बोलण्यातील थांबण्याचा आणि टाळण्याचा अर्थ जाणणारी वकील असणे हा पुराव्याच्या दर्जाचा प्रश्न आहे. १९९४ मध्ये जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले. श्री. अरविंद इनामदार आणि श्रीमती मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी तपासाला नेमले गेले. तरीही पुढे येऊन बोलण्यास तयार झालेल्या मुली थोड्याच राहिल्या. पोलीस अधिकारी कितीही कर्तबगार असला, तरी फिर्याद देण्यापूर्वीच्या त्या पहिल्या रात्री मुलीने कोणाच्या घरी जाऊन बोलावे, याचे उत्तर त्या वेळी शहराजवळ नव्हते. तालुक्यातालुक्यात माहीत असलेली, नाव घेऊन हाक मारता येईल अशी वकील महिला हे त्याचे एक उत्तर आहे.

शासकीय अधिकाऱ्यांना या संघटनांची गरज अनेक ठिकाणी पडते, फक्त ती मागणी वेळेवर केली जात नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमानुसार जिल्हा अधिकाऱ्याने स्थानिक समिती नेमावयाची असते, आणि तीवरील सामाजिक क्षेत्रातील दोन सदस्यांपैकी एक शक्यतो कायद्याची जाणकार असावी, असे कायदा सांगतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील सल्लागार समितीवरही एक कायदेतज्ज्ञ असतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८४२ होत्या. २००१ मध्ये त्या ८८० होत्या. ज्या जिल्ह्याचे आकडे असे आहेत, तेथील समितीवरील विधिज्ञाची जागा नामधारी राहता कामा नये. जिल्ह्यात महिला वकिलांची नोंद असलेली संघटना असेल, तर नावांसाठी शोधाशोध करावी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. ही तरतूद किती शिक्षकांना, किती अंगणवाडी सेविकांना माहीत आहे? १५१०० हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहिण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

संघटना म्हणजे सर्व रोगांवर औषध, असा समज मात्र नसावा. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका महिला विधिज्ञ संघटनेची जनहित याचिका आली होती. वकील महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी विधिज्ञ परिषदांनी २०१३ च्या अधिनियमाप्रमाणे समित्या नेमाव्यात, ही तिची मागणी. विधिज्ञ परिषद आणि वकील यांच्यात मालक-नोकर असे नाते नसल्याने तो अधिनियम येथे लागू होत नाही, असे सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. गैरवर्तनाबद्दल अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३५ आहेच, असे त्यात नमूद झाले. दुसऱ्यांसाठी तक्रार समित्यांवर बसणाऱ्या वकील महिलेला स्वतःच्या बाररूममध्ये तशी समिती मागण्याचा कायदेशीर आधार या निकालानंतर उरला नाही, ही विसंगती डोळ्यांत भरते. जिल्हा वकील संघांना आपल्या नियमावलीत दुरुस्ती करून अशी व्यवस्था स्वेच्छेने करता येईल, आणि त्यासाठी महिला सदस्यांनी एकजुटीने ठराव मांडावा लागेल. एकट्या सदस्येचा ठराव विषयपत्रिकेत शेवटी राहतो आणि वेळेअभावी पुढे ढकलला जातो, हा अनुभव सर्व संस्थांतील स्त्रियांचा आहे.

शेवटी कार्यक्रमाच्या वेळापत्रकाविषयी थोडेसे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव येथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक घेणे सोयीचे पडेल. रेल्वेमार्गावरील गावे असल्याने सायंकाळपर्यंत घरी परतता येते. धुळ्याची बैठक शिरपूर, साक्री, शिंदखेड्याच्या सदस्यांना एस. टी. च्या वेळा पाहून ठरवावी लागेल. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्कलकुवा व धडगाव भागात, निराळा विचार करावा लागतो. दिवाळीनंतर तेथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला गावी परततात. त्या आठवड्यात गावे भरलेली असतात, काठीच्या होळीला तर पंचक्रोशी लोटते. वनहक्काचे, रेशनकार्डाचे, मजुरी बुडाल्याचे जे प्रश्न स्त्रियांजवळ असतील, ते त्या दिवसांत एकत्र ऐकता येतील. म्हणून तेथील सल्लामेळावा होळीच्या दोन दिवस आधी ठेवावा, पावरी व भिली बोलणाऱ्या दोन शिक्षिकांना दुभाषी म्हणून बोलवावे, आणि तालुका विधी सेवा समितीचे कोरे अर्ज पुरेशा संख्येने सोबत न्यावेत.